हँडल एक हात वर

ता. २ डिसेंबर १८९५, सोमवार. कल्याण.
आज बायसिकल घरी आली. विलायतेला परत निघालेल्या रेल्वेच्या एका साहेबाची. सोबत इंग्रजी माहितीपुस्तक. या गावात ते नीट वाचू शकेल असा इसम एकच, शाळेतला इंग्रजीचा मास्तर. म्हणजे मी.
सौ. मालन बाळंतपणाला शहाडला माहेरी. मुलगा झाला, आज चौथा दिवस. बारसं ता. १० ला, सकाळी अकराला. सासऱ्यांचा निरोप आला, की बैलगाडी पाठवतो. उलट कळवलं, नको. स्वतःच्या वाहनाने येईन. कोसभर तर जायचं.
मुलाचं नाव ठरवलंय : दिग्विजय. अजून कोणालाच सांगितलेलं नाही. पाळण्यात नाव माझी बहीण कलाताई ठेवणार, तिलाही नाही. दारात बायसिकलवरून उतरायचं आणि तिच्या कानात सांगायचं, असा बेत. सासरे ‘पंढरी’वर अडून बसलेत. मी वेळेवर पोचलो नाही तर पंढरीच ठेवतील. पण मी पोचणार.

ता. ३.
पुस्तक वाचलं. पान सात : स्वार आरामात बसावा म्हणून हँडल सीटपेक्षा ‘वन हँड’ वर असावं. वन हँड, म्हणजे एक हात. मोजलं. साहेबाने जेमतेम चार बोटं वर ठेवलेलं! पाठदुखीनेच परत जात असावा बिचारा.

ता. ४.
दगडू लोहाराकडे गेलो. एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कोणाचा हात, ते पुस्तकात नाही. माझा जरा आखूड, म्हणून दगडूचा धरला. त्याने लोखंडी नळी जोडून हँडल वर नेलं आणि विचारलं, की मास्तर, यावर बसायचं हाय का धोतरं वाळत घालायची हायत? अडाण्याशी वाद घालू नये.

ता. ५, सकाळ.
मैदानात पहिली स्वारी. हात खांद्यांच्या बरोबरीने. फार ऐटदार पोझिशन. दहा यार्ड गेलो. पडलो नाही, उतरलो. कुशीवर.
सायंकाळ. दोष हँडलचा नाही. पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून धीर सुटतो. सीट वीतभर खाली घेतली.

ता. ६.
सीट खाली गेल्यामुळे हँडल आपोआप आणखी वर गेलं. आता दोन मुठींच्या मधून रस्ता बघावा लागतो. समोरचा तेवढा दिसतो, पण बाजूला बघायचं कारणच काय? गुडघे पोटात येतात. पचनाला चांगलं असणार.
शेजारच्या शालूकाकूंनी विचारलं, की कुठल्या देवाला साकडं घातलंत? 

ता. ७.
खांदे वर जाईनात. फळ्यावर लिहिता येईना, मुलांकडून स्पेलिंगं तोंडी घेतली. प्रॅक्टिस बंद. विश्रांती हाही प्रॅक्टिसचाच भाग आहे.

ता. ८.
कलाताई सासऱ्यांनी तिच्यासाठी पाठवलेल्या गाडीतून पुढे गेली. जाताना म्हणाली, अरे त्र्यंबक, नाव तरी सांगून ठेव, वेळेला अडलं तर? सांगितलं नाही. अडणारच नाही मुळी.

ता. ९.
धोतराचा सोगा साखळीत गेला. धोतर फाटलं. उद्या सुतळीने बांधणार.
प्रगती मात्र उत्तम. एका दमात वीस यार्ड. कोस म्हणजे असे वीस-वीस यार्ड पावणेदोनशे वेळा. विशेष काही नाही.

ता. १०, सकाळी पावणेसात.
निघालो. कोट, पगडी, सुतळी. मध्ये कुठेही उतरायचं नाही.

ता. १०, सायंकाळ. शहाड.
गावाबाहेर पडेपर्यंत बायसिकल हातात धरून चालत नेली, लोक उगाच बघतात. मग बसलो. सातआठदा उतरलो, त्यात दोनदा झुडपात. नऊच्या सुमारास खांद्यांनी राजीनामा दिला. रस्त्याकडेला बसून राहिलो.
साडेदहाला लिओनार्ड दिसला. हा रेल्वेत फिटर, मूळचा ठाण्याचा, कोपरीकडचा. आंबिवलीचं काम आटपून हत्यारांची पिशवी घेऊन पायी परतत होता. साहेबाची बायसिकल तोच बघायचा, म्हणून त्याने लांबूनच ओळखली आणि हसत सुटला. हिला शिंगं कधी फुटली, म्हणे. मी पुस्तक उघडून पान सात दाखवलं. तर म्हणतो, मास्तर, ह्यो आपला हात नाय ओ, साहेब लोक घोडा मोजतात तो. पंजाची रुंदी. चार बोटं!
म्हणजे साहेबाने ठेवलेलं तेच बरोबर. पुस्तकाने स्पष्ट लिहायला नको का?
त्याने तासभर खपून नळी काढली, हँडल जागेवर आणलं, मला बसवून टाच पेडलला नीट पोचेल इतकी सीट वर घेतली. काय सांगू! पाठ सरळ, खांदे सैल, गुडघे मोकळे. उरलेला अर्धा कोस एकदाही न पडता गेलो. खरंच गेलो. बघायला मात्र चिटपाखरू नव्हतं.
पोचलो तेव्हा बारा वाजत आलेले. घुगऱ्या वाटणं चाललं होतं. कलाताईने वाट पाहिली, मुहूर्त टळायला लागला तेव्हा सासऱ्यांचंच नाव ठेवलं. पंढरी.
ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. रडू आलं.
सौ. ने बाळ माझ्या हातावर ठेवलं. डोकं कोपराशी, टाचा मधल्या बोटाच्या टोकाशी. बरोब्बर एक हात. माझा, दगडूचा नव्हे. 
सौ. ने हळूच विचारलं, की काय नाव आणलं होतं? सांगितलं, दिग्विजय. तिने माझ्या फाटक्या धोतराकडे पाहिलं, कोपराच्या खरचटण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, पंढरीच बरं.

ता. ११.
परत निघालो, सासऱ्यांच्या बैलगाडीतून. बायसिकल मागे बांधली आहे. खांद्यांना विश्रांती हवी.
नळी सासूबाईंनी ठेवून घेतली. चुलीला फुंकणी हवी होती. मापाला अगदी नेमकी आहे म्हणाल्या.