न दिसलेला हॅण्ड

आबा, कबनूरला वीज गेली की सगळ्या गल्लीतले यंत्रमाग एकदम थांबतात. लग्न होऊन इथं आले तेव्हा त्यांच्या खडखडाटानं माझं डोकं उठायचं, आता ते थांबले की अंगावर काटा येतो. कारण त्या शांततेत एक शिट्टी वाजते. तुमचीच. लांब, सरळ, शेवटाला जराशी तुटलेली. घरात कुणालाच ती ऐकू येत नाही. मी हातातलं काम ठेवून उभी राहते आणि पुढचा गलका येईल म्हणून वाट बघते. तोवर वीज येते, माग सुरू होतात, सासूबाई विचारतात, "काय गं, काय झालं?" मी म्हणते, काही नाही.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या फुटबॉलच्या मॅचबद्दल तुमच्याशी मी कधी नीट बोललेच नाही. बोलायला गेले होते, तेव्हा तुम्ही मला गप्प बसवलंत. आता तुम्ही मला गप्प बसवू शकत नाही, म्हणून लिहिते आहे.

त्या दिवशीचं सकाळचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आई चुलीपाशी, तुम्ही पाटावर, समोर दुधात कुस्करलेली भाकरी. मॅचच्या दिवशी तुम्ही तिखट खात नव्हता. काळा ड्रेस इस्त्री करून खुंटीला लावलेला. नेमलेला रेफ्री तापानं आडवा झाला होता आणि आदल्या संध्याकाळी दोन्ही पेठांची माणसं, तुम्ही रेफ्री व्हा म्हणायला, आपल्या दारात आली होती. आपल्या पेठेची मॅच, आपल्याच पेठेतला रेफ्री, असं कोल्हापुरात कधी होतं का? पण पलीकडच्या पेठेचा म्हाताराच म्हणाला, "तुमच्यावर आमचा भरवसा हाय. तुम्ही उभं ऱ्हावा, आमचं कोन काय बोलणार न्हाय." आई सकाळी तेवढंच म्हणाली, "नको म्हणा की. पोरगं खेळतंय आपलं." पोरगं म्हणजे दादा, थोरल्या काकांचा मुलगा, आपल्या टीमचा बचावातला बॅक. तुम्हाला मुलगा नव्हता, तुम्हीच त्याला चालायच्या आधी बॉल दिला होता असं काकू सांगायची. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत दार होतं, त्यातून तो दिवसातनं दहादा आपल्याकडं यायचा आणि आपल्या चुलीवरची भाकरी उचलून न्यायचा. तुम्ही आईला म्हणालात, "मी न्हाय म्हटलं तर मॅच व्हनार न्हाय. लोक सकाळपासनं जागा धरून बसल्यात." आणि ताटली बाजूला सारून उठलात. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत साचे भरून भरून तुमच्या बोटांच्या पेरांत काळं बसलेलं असायचं, ते तुम्ही त्या दिवशी दगडानं घासून घासून काढलंत.

मी काकूबरोबर बायकांच्या गॅलरीत बसले होते. तिच्या मांडीवर शेंगांची पुडी होती, दोघी मिळून खात होतो. सगळं स्टेडियम भरलेलं, पलीकडच्या इमारतींच्या गच्च्याही माणसांनी काळ्या झालेल्या. दादाच्या पायाला बॉल लागला की काकू माझा हात दाबायची. मॅच बरोबरीत होती, शेवटची मिनिटं चालली होती. पलीकडच्यांना कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला, गोलसमोरच्या डीमध्ये पंधरा-वीस जणांची एकच गर्दी, कुणाच्या तरी अंगाला लागून तो बाहेर उडाला आणि समोरच्या गॅलरीतून गर्जना उठली, "हॅण्ड! हॅण्ड हाय! रेफ्री, हॅण्ड!" तुम्ही गर्दीच्या मागं होता. मी तुमच्याकडं बघत नव्हते, मी बघत होते आमच्याच बाजूला कडेनं धावणाऱ्या लाईनमनकडं. कोवळा पोरगा, आपल्याच पेठेतला, पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या मॅचला उभा राहिलेला. त्याचं निशाण वर गेलं. मी बघितलं आबा. वर गेलं, क्षणभर थरथरलं आणि पटकन खाली आलं. तुम्हीही ते निशाण बघितलंत. मग तुम्ही चालत त्या जागेपर्यंत गेलात, शिट्टी वाजवलीत आणि हात पेनल्टीच्या खुणेकडं केलात.

दादा तुमच्यासमोर आला. गॅलरीतून मला काही ऐकू आलं नाही, पण ते दोन वाक्यांचं बोलणं नंतर पेठेत इतक्यांदा सांगितलं गेलं की ते मी स्वतःच ऐकल्यासारखं वाटतं. तो म्हणाला, "काका, माझ्या हाताला न्हाय लागला. आईशप्पथ न्हाय लागला." तुम्ही म्हणालात, "हितं काका कोन न्हाय. रेफ्री हाय." काकूनं शेंगांची पुडी मिटली. हळूच, कोपरे दुमडून. माझ्या हातावरचा तिचा हात कधी गेला ते मला कळलं नाही. गोल झाला. पहिली चप्पल पडली, मग पाण्याच्या पिशव्या, मग दगड. तुम्ही मैदानाच्या मधोमध उभे होता आणि मॅच पुन्हा सुरू व्हायची वाट बघत होता. दगड लागून भुवईवरून रक्त आलं तरी तुम्ही पळाला नाही. उरलेला खेळ पुरा केलात, शेवटची शिट्टी वाजवलीत, आणि मग पोलिसांच्या मधून चालत बाहेर आलात. हजारो माणसं तुमच्या आईवरून, तुमच्या बायकोवरून ओरडत होती. त्यातली निम्मी आम्हाला ओळखत होती.

घरी आई तुमच्या भुवईत हळद भरत होती. मधल्या दाराला पलीकडून कडी लागल्याचा आवाज आला. तुम्ही त्या दाराकडं बघितलंत आणि म्हणालात, "चहा टाक." मी तेव्हा म्हणाले, "आबा, लाईनमननं निशाण वर केलं होतं. मी बघितलंय." तुम्ही खिशातली शिट्टी काढून फळीवर ठेवलीत. दुसऱ्या दिवशी पेठेच्या तालमीत बैठक बसली. त्या पोराला मधे उभं करून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, मी निशाण उचललंच नाही. थोरले काका सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "आता बोल. कुणाचं बघून दिलास?" आणि तुम्ही म्हणालात, "निर्णय माझा हाय." एवढंच. हे कानावर आलं तशी मी चपला घालायला लागले. तालमीत बाई जात नाही हे मला माहीत होतं, तरी मी जाणार होते, उंबऱ्यावर उभी राहून सांगणार होते. तेवढ्यात तुम्ही परत आलात आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर ओरडलात. "बस खाली! कुटं निघालीस?" मी म्हटलं, तो खोटं बोलतोय. "बोलू दे. पोरगं हाय त्ये. घरात म्हातारी आई आन् त्यो, दोघंच. मला दगूड लागला, मी सोसला. तेच्या घरावर पडला तर?" मी रडत होते. तुम्ही आवाज खाली आणलात. "निशान नुसतं सांगतंय गं. शिट्टी वाजवायची का न्हाय, ते रेफ्रीनं ठरवायचं. शिट्टी कुणी वाजवली? मी. मग उत्तर बी मीच द्यायचं."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर सगळं अजूनही पटत नाही. तुमच्या एका गप्प बसण्यात माझी काकू तुटली, दादा तुटला, आईची शेजारीण तुटली. गल्लीतल्या नळावर आई गेली की बायका घागरी उचलून मागं सरायच्या. दादाला तर दोन्हीकडून मार बसला. पेठ म्हणायची, रेफ्रीचा पुतण्या, यानंच मुद्दाम हात लावला असंल. पुढच्या सीझनला त्यानं बूटच चढवले नाहीत. टेम्पो चालवायला लागला. गल्लीत समोर आला की तुम्ही थांबायचा, तो मान खाली घालून जायचा.

आणि रात्रीची जेवणं झाली की तुमचा तो खेळ सुरू व्हायचा. आई भांडी आवरायला घेई तोवर तुम्ही वाट्या ओढून घ्यायचा. ही गोलीची, हे आपले बॅक, हे त्यांचे, हा दादा. तांब्या म्हणजे तुम्ही. तांब्या एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं सरकवायचा, मग खाली वाकून, जमिनीला गाल लावून वाट्यांच्या फटीतून बघायचा. एकदा मी दारात उभी होते. तुम्ही स्वतःशीच म्हणालात, "हितं असतो तर दिसलं असतं." म्हणजे तुम्हाला दिसलं नव्हतं. ज्याच्यावरून घर तुटलं तो हॅण्ड तुम्ही बघितलाच नव्हता, एका घाबरट पोराच्या हातावर भरवसा ठेवला होता. आई आली आणि एकेक वाटी उचलून घेऊन गेली. तांब्या शेवटी उचलला. तुम्ही तसेच बसून होता. अजूनही मी कधी जेवणानंतर वाट्या जवळजवळ पडलेल्या बघितल्या की लगेच उचलते. मुलं हसतात.

फाउंड्रीच्या धुळीनं तुमची छाती भरत गेली आणि तुम्ही गेलात. त्या सकाळी मधलं दार उघडलं. काकू येऊन आईला मिठी मारून रडली. थोरले काका दारातच उभे राहिले, आत आले नाहीत, परत गेलेही नाहीत. अग्नी कुणी द्यायचा असा प्रश्न कुणी विचारायच्या आधीच दादा ओल्या धोतरानं पुढं येऊन उभा राहिला. मडकं खांद्यावर घेऊन तो तुमच्याभोवती फिरत होता असं मला नंतर पुरुषांनी सांगितलं. म्हणाले, रडला नाही, पण शेवटचा माणूस गेला तरी तो तिथून हलत नव्हता.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या दारात सुताची बाचकी घेऊन एक टेम्पो आला. बाचकी उतरवणाऱ्यांतला एक जण माझ्याकडं बघत राहिला. केस पांढरे झालेले, पण मी ओळखलं. तोच लाईनमन. मी त्याला घरात बोलावलं, चहा दिला. मनात इतकी वर्षं घोटून ठेवलेलं सगळं बोलायचं होतं. त्याच्या आधी तोच बोलला. "ताई, साहेबांनी कधी माझं नाव घेतलं?" मी म्हटलं, "कधीच नाही." त्यानं कप खाली ठेवला. "मी उचललं हुतं निशान." मला माहीत आहे, मी म्हटलं, मी बघत होते. तो दचकला. "म्होरलं तुमास्नी म्हाईत न्हाय ताई. मी बी बघिटलं न्हवतं. बॉल कुटं लागला, मला काय दिसलंच न्हाय. त्या अंगानं 'हॅण्ड हॅण्ड' असा दंगा उठला आन् हात आपला आपण वर गेला. खाली घेतला तवर साहेबांनी बघिटलं हुतं."

म्हणजे कुणीच बघितलं नव्हतं आबा. ना तुम्ही, ना त्यानं. ओरडणाऱ्या हजार माणसांनी बघितलं असेल म्हणावं, तर ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. तो गेल्यावर मी कितीतरी वेळ उंबऱ्यात बसून होते. त्याचा राग यावा म्हणून मी प्रयत्न केला, आला नाही. एकालाच ठाऊक असेल. दादाला. पण त्याला मी विचारत नाही. दर भाऊबीजेला तो येतो, मी ओवाळते, ताटातला दिवा त्याच्या तोंडासमोरून फिरतो आणि प्रश्न माझ्या जिभेवर असतो. लागला असेल तर त्यानं आईची खोटी शपथ घेतली. नसेल लागला तर तुम्ही तुमच्या पोरासारख्या पोराचा खेळ संपवलात. दोन्हीतलं काहीच मला नको आहे.

यंदा तोच म्हणाला, "चल, मॅचला येतीस का?" त्या दिवसानंतर आम्ही दोघंही स्टेडियमची पायरी चढलो नव्हतो. गेलो. दादाचं पोट सुटलंय, पायऱ्या चढताना धाप लागते. आता बायका कुठंही बसतात, मी त्याच्याशेजारी बसले. आपली पेठ चांगली खेळत होती. उत्तरार्धात आपल्या बॅकनं त्यांच्या पोराचा पाय अडवला की त्या पोरानंच लोळण घेतली, मला कळलं नाही. रेफ्री तरुण होता, लांबून धावत आला आणि त्यानं पेनल्टी दिली. सगळी गॅलरी उठली. बाटल्या पडायला लागल्या. दादा एकटाच बसून राहिला होता, हात गुडघ्यांवर. त्याच्या मागचा माणूस खेकसला, "ओ पावणं, आंधळा हाय का त्यो रेफ्री?" दादा मागं न बघता म्हणाला, "दिलंय न्हवं त्यानं? मग झालं. संपलं."

मला हे तुम्हाला सांगायचं होतं. हे तुमचं वाक्य आहे, गल्लीत रेफ्रीवरून भांडण निघालं की तुम्ही म्हणायचा ते, आणि ते त्याच्या तोंडातून आलं. त्याला काय म्हणायचं होतं, त्यात तुमच्यासाठी माफी होती की त्याची कबुली, मी विचारलं नाही. हा कागद त्याला वाचायला देईन असं लिहिता लिहिता दोनदा वाटलं. देणार नाही. आणि दुसरं कुणाला देण्यासारखं यात काही नाही.

एकच राहिलं. त्यानं ते वाक्य म्हटलं तेव्हा तो माझ्याकडं मान वर करून बघत होता. कारण मी उभी होते, आबा. कधी उठले, आठवत नाही. घसा फाटला होता. त्या रेफ्रीला मी जी शिवी ओरडून दिली, त्यात त्याची आई होती.