नानांच्या डोळ्यातला नायलॉनचा टाका

प्रिय नाना,

शुक्रवारी मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ती नाहीच म्हणत होती. काल दुपारी हो म्हणाली. पण तिनं हो म्हणावं म्हणून मला एक गोष्ट सांगावी लागली, आणि ती तुम्हाला कळवायलाच हवी.

तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा किती खुशीत होतात तुम्ही! डॉक्टरांनी समजावलं होतं, बुबुळाच्या कडेला छेद देऊन आतला गढूळ मणी काढला, त्याची पिशवी तशीच ठेवून तिच्यात नवं भिंग बसवलं, आणि वरून केसापेक्षा बारीक टाके घातले. तुम्हाला भिंगाचं काहीच नाही! तुमचा पहिला प्रश्न, "टाका कसाना शे?"

"नायलॉनचा."

"मंग तर आपलाच माल शे, साहेब! वीस वरीस तोच धागा इनी ऱ्हायनू. गाठ कशी मारतस, ते तरी सांगा!"

डॉक्टर हसले. कतारगामच्या लूमच्या खात्यात, कारखान्यातल्या सोबत्यांना, तर तुम्ही ते महिनाभर सांगत होतात म्हणे.

आणि मग ते टोचणं. पापणी मिटली की आत काहीतरी लागतंय, म्हणालात. "धागा टोची ऱ्हायना व पोरी, जरा दख ना." मी बूट घालत होते. "उद्या बघते, नाना. पेपरचा अंक छपाईला जायचाय." दुसऱ्या दिवशीही अंक होताच. तिसऱ्या दिवशीही.

आम्हाला कळायला हवं होतं, नाना! उभं आयुष्य ज्यानं कापडावर सुटं टोक दिसलं की चिमट्यानं ओढून काढलं, तो माणूस डोळ्यातलं टोक तसंच राहू देईल? चौथ्या दिवशी उजेडाला आरसा टांगलात आणि खात्यातल्याच चिमट्यानं ओढलंत. टाका निघाला, जखम उसवली, आतला तपकिरी पडदा बाहेर आला. डॉक्टरांनी तो आत सारला, पुन्हा शिवलं. डोळा वाचला, पण बाहुली एका बाजूला ओढलेलीच राहिली. लूमवरच्या ताण्यातला तुटलेला धागा तुम्हाला पुन्हा दिसला नाही, आणि दुसऱ्या डोळ्याला तुम्ही हात लावू दिला नाहीत.

डॉक्टर रागावले तेव्हा मी शेजारीच उभी होते. "मना हात चुकना, साहेब," एवढंच म्हणालात. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. का हो? एकदा तरी मला रागवायचं होतंत!

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. आता बारीक छेदातून मोतीबिंदू काढतात, बहुतेकांना टाकाही लागत नाही. पण मायनं भीतीपोटी इतके दिवस काढले, की तिचा मोतीबिंदू दगडासारखा झालाय. तिला मोठाच छेद घ्यावा लागेल, टाके पडतील. ते ऐकल्यावर ती उठूनच उभी राहिली. "माले नको टाका. तुना नानाना डोया तसाच गया." टाकाच वाईट, असं तिनं मनात धरलेलं. दोन्ही डोळ्यांनी तिला आता फक्त उजेड कळतो, नाना. चहा ओतताना कपात बोट धरते.

म्हणून काल सांगितलं. टाक्यानं नाही गेला डोळा. नाना तीन दिवस मला बघ म्हणत होते, मी बघितलं नाही, म्हणून त्यांनी तो स्वतःच ओढला.

ती शेंगा सोलत होती. हात थांबले.

"तीन रोज?"

"हो."

"आनि तू दखं नही?"

"नाही, माय."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. वाटलं, आता ऑपरेशन तर नाहीच, माझ्याशी बोलणंही संपलं. मग तिनं पुन्हा शेंग उचलली. "माले टोचनं त मी बोंबलसू. तुना नानासारखी गप नही बसनार. सारी गल्ली गोळा करसू!"

नाना, तिला बोंबलावं लागणार नाही. महिन्याची रजा मंजूर झाली आहे. सकाळ-संध्याकाळ मीच तिच्या डोळ्यात औषध घालीन, आणि ती म्हणेल त्याच क्षणी बघीन.

तुमची,
सुनंदा