पुंजण्यांची सावली

प्रिय दादा,

फोनवर तू "बरी आहेस ना? दे आईकडे" एवढंच म्हणतोस आणि मीही लगेच फोन देऊन टाकते. म्हणून हे पत्र. चांगली बातमी आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. आपल्या टोलीच्या सौर पंपाची तपासणी काल झाली आणि अनुदानाचा दुसरा हप्ता मंजूर झाला. तपासणीला आलेल्या साहेबांची गाडी मोहाडीच्या रस्त्याला लागली तशी मी विहाराच्या पायरीवरूनच सगळ्यांना ओरडून सांगितलं. आता कालव्यापलीकडच्या अकरा घरांपर्यंत नळ जाईल. चंद्रभागाआजी विचारत होती, "आता माही घागर मोडीत देऊ काय व?" म्हटलं, थांब आजी, आधी पाईप तर येऊ दे.

मधले पंधरा दिवस कसे गेले ते आईनं तुला सांगितलं नसेल. सांगू नको म्हणून मीच तिला शपथ घातली होती. धान कापून झालं आणि पॅनलपुढची मोकळी जागा बघता बघता भरली. भारे रचून रचून ओळीनं सात पुंजणे उभे राहिले. तेजरामकाकांचा तर घराच्या आढ्याएवढा. मी अनुदानाच्या अर्जासाठी जागेचे फोटो काढले ते मे महिन्यात, तेव्हा तिथं दोन बकऱ्या सोडल्या तर काही नव्हतं. आता सूर्य दक्षिणेकडे कलला आणि पुंजण्यांची सावली थेट पॅनलवर. पंप दुपारीच दम टाकायला लागला. बायका रिकाम्या घागरी-गुंड्या घेऊन परत जायच्या आणि माझ्याकडे बघायच्याही नाहीत. त्यातच तपासणीची तारीख आली. पंप दिवसभर नीट चालला नाही तर दुसरा हप्ता रद्द, असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं.

मी आधी हुशारी केली. तेजरामकाकांकडे जाऊन म्हटलं, वरून नियम आला आहे, पुंजणे हलवावे लागतील. ते खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. "माह्या आज्यापासून पुंजणा तिथंच लागते. तुह्या प्लेटा मागून आल्या. कोनी हलवावं, तूच सांग." खरंच होतं. आणि एकदा रचलेला पुंजणा चुरायच्या, मळणीच्या आधी मोडायचा नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. अर्ज लिहिताना मात्र मी ते सगळं विसरले होते. चाळीस पानांचा अर्ज, दादा. त्यात सूर्यप्रकाशाचे बारा महिन्यांचे आकडे होते, आणि धान कापल्यावर टोली काय करते याची एक ओळ नव्हती.

तू ती ओळ सांगितली होतीस. विहारातल्या त्या बैठकीत कानावरची पेन्सिल काढून माझ्याच अर्जाच्या कच्च्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या पानावर तू थंडीतल्या सूर्याची वाट काढलीस आणि म्हणालास, "प्लेटा त्या टोकाले लावा, धुऱ्याच्या बांधाजवळ. इथं पुंजणे लागतेत." आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आराखडा इंजिनिअरनं काढला आहे, तू खांबावरच्या तारा बघ." लोक हसले. तूही हसलास. चौथ्या दिवशी तू बुटीबोरीच्या कंपनीत वायरमन म्हणून निघून गेलास. तू जाणारच होतास, असं मी गेले सात महिने स्वतःला सांगते आहे.

गेल्या रविवारी मी टोलीला विहारात बोलावलं आणि उभी राहून सांगितलं की चूक इंजिनिअरची नाही, माझी आहे. माझ्या भूपेंद्रदादानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मग तेजरामकाका मिशीतल्या मिशीत हसले. "आमाले माहीत हाये पोरी. जाताना तो मले सांगून गेला, काका, माही बहीण टोलीतली पहिली ग्रॅज्युएट हाये, तिले चारचौघात खोटी पाडू नोका. चूक झाली त सांभाळून घ्या." मग पंचशील झेंड्याखाली पदराआड तोंड लपवून मी जी रडले! आई म्हणाली, रडून पंप चालते काय? काका म्हणाले, पुंजणा मोडत नाही, पण चुरायले कोनाची मनाई नाही. दुसऱ्या दिवशी चुरण्याचं मशीन आलं. पौषापर्यंत थांबणारे सातही पुंजणे तीन दिवसांत चुरून झाले आणि पॅनलवरची सावली गेली. तणसाचा भुसा अजून माझ्या केसांत आहे.

पण दरवर्षी अशी घाई कशी चालेल? म्हणून काल साहेबांना सगळं खरं सांगितलं आणि तुझं पेन्सिलीचं चित्र दाखवलं. मी ते जपून ठेवलं होतं, का ते मला तेव्हा कळलं नव्हतं. ते बघून साहेब म्हणाले, पॅनल असेच हलवा, धुऱ्याकडे. बदलाच्या आराखड्यावर मात्र हे चित्र ज्यानं काढलं त्याची सही लागेल. तो कागद सोबत जोडला आहे. खाली तुझं नाव मी माझ्या अक्षरात लिहिलं आहे, त्यावर सही तेवढी राहिली आहे. तुझी माफी टोलीसमोर मागून झाली, तुझ्यासमोर मागायची बाकी आहे. म्हणून सही कर, पण कागद पोस्टानं पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझीच, तुझं न ऐकणारी,
तृप्ती