खड्यातला निळा डाग

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, पण आज अर्धाच. उरलेला अर्धा तुझी वागणूक बघून देईन.

तुझ्या प्रयोगशाळेत फडकं मारलं म्हणजे मी काय कुणाचं घर जाळलं? टेबलावर बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. तू सरांकडे गेलीस, मला म्हणालीस, बस इथं, कशाला हात लावू नकोस. बसणं मला कधी जमलंय का? त्या वीज सोडायच्या पेटीचं बटण आधी बंद केलं, लाल नि काळी वायर काढली, पुसलं, वायरी परत खोचल्या, बटण चालू केलं. भोकं दोन्ही सारखीच, कुठली कुणाची हे त्यांनी का नाही सांगितलं? तू आलीस ती डोक्याला हात लावून, आणि चारचौघांत म्हणालीस की मावशीनं माझं वर्ष बुडवलं.

तुझे सर आधीच म्हणत होते की तुझ्या प्रयोगाच्या त्या काचेसारख्या खड्यातला निळा डाग म्हणजे वीज सोडून सोडून खडा जळलाय, महिनाअखेर हे काम बंद. आता ते बिल माझ्या नावानं फाडू नका. मी निमूट बस पकडली, डबासुद्धा तिथंच राहिला.

फोन केला तर नंतर बोलते म्हणून ठेवतेस, म्हणून कागद घेतला. चूक असेल तर चूक म्हण, भांड हवं तर. अबोला मला पचत नाही.

तुझ्यावर रागावलेली आणि तरी तुझीच,
मावशी

दि. ९ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. अबोला नव्हता गं. खडा ज्या भट्टीत तापतो, तिच्या खिडकीला मी डोळा लावून बसले होते.

पहिली गोष्ट, त्या पेटीला पुन्हा हात लावायचा नाही. आधी बटण बंद केलंस म्हणून आज हे पत्र तुला लिहितेय.

आता दुसरी. तुझ्या दुकानातला अंड्यांचा ट्रे आठव. सगळा भरलेला, एकच खळगा रिकामा. शेजारचं अंडं त्यात सरकवलं की खळगा एक घर पुढे जातो. आमच्या खड्यातही अशा काही जागा रिकाम्या असतात. खडा तापवून वीज सोडली की त्या काळ्या वायरीकडे सरकतात. जिथं त्यांची गर्दी होते, तिथं निळं दिसतं. मी हेच म्हणत होते, पण खडा एकच, म्हणून वायरी उलट करून बघायची हिंमत होत नव्हती. तू त्या उलट खोचल्यास, म्हणजे वीज उलट्या दिशेनं वाहू लागली. दुसऱ्या दिवशी सरळ करायला गेले तर डाग नखभर मागे हटलेला. मी हात मागे घेतला. आज तो त्या बाजूनं पार गेलाय आणि दुसऱ्या बाजूनं नवा उमटतोय.

जळलेलं कधी माघारी येतं का? सरांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. काम चालू राहणार. ते म्हणाले, हे आपल्याला आधी का सुचलं नाही. मी म्हटलं, आपल्याकडे फडकं नव्हतं.

सोमवारी बाहेरची माणसं बघायला येणार आहेत. तू ये ना. लोभ आहे, तो ओरडण्यानं उणा होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

दि. १२ मार्च

चि. भिंगरीस,

उरलेला अर्धा आशीर्वाद घे, वर चिमूटभर जास्त.

पत्र दुकानातच वाचलं आणि लगेच ट्रे पुढ्यात ओढला. एकेक अंडं सरकवत गेले, खळगा खरंच पार पलीकडच्या टोकाला. गिऱ्हाइकं खोळंबली. शेजारचा शिंपी विचारत होता की डोकं ठिकाणावर आहे ना. त्याला म्हटलं, गप उभा राहा, खळगा चाललाय. या भानगडीत एक फुटलं, ते तुझ्या सरांच्या माथी.

पेटीला हात लावणार नाही, शब्द देते. पण सोमवारी यायचं तर माझं एक म्हणणं आहे. ओरडलीस चारचौघांत, तेव्हा वायरी कुणी उलट केल्या तेही चारचौघांतच सांगायचं, सर उभे असताना. नुसतं कानात सांगितलेलं चालणार नाही. आणि डबा घासून ठेव.

सांगणार की नाही, ते शनिवारपर्यंत कळव. नाही कळवलंस तर मी येतेच, येताना फडकं घेऊन.

लोभ तुझ्यावर होताच, आता त्या खड्यावरही जडलाय.

तुझी,
मावशी