शंभर आज्यांचे हात

२५ जुलै
आजपासून कोरियन पंचांगातला अधिक महिना. अंत्यविधीला ठेवायचा फोटो या महिन्यात काढून ठेवला की आयुष्य वाढतं म्हणे, त्यामुळे गुनसानच्या बाजारातल्या सगळ्या म्हाताऱ्या फोटोच्या मागे. आईसुद्धा. मी नाही म्हटलं. पासपोर्टचे आणि लग्नांचे फोटो काढत सत्तेचाळीस वर्षांचा झालो, आता बास. फोटोग्राफीच्या सेमिनारमध्ये सांगितलं होतं, स्वतःच्या मनातलं काम करा, मोठी कामं घर शोधत येतात. प्रोजेक्ट ठरला: शंभर आज्यांचे हात. फक्त हात.

२९ जुलै, सकाळी ६
निश्चय: रोज चार आज्या. सुरुवात आईपासून, घरचीच म्हणून. मासे वाळवून वाळवून काय हात झालेत! ती म्हणाली, "अरे, वर तोंडही आहे मला." चेहरा काय कुणीही काढतं. समोरच्या स्टुडिओतला ग्वाकसुद्धा.

६ ऑगस्ट
एकूण आज्या: तीन. उकाडाच फार. आईचे मात्र चाळीस फोटो झाले. आज ती केस सेट करून, सणासुदीचा पोपटी हानबोक घालून आली. मी बाह्या वर करायला सांगितल्या. बायको म्हणाली, "अहो, काढा की एक चेहऱ्याचा, मिनिटाचं काम." कलाकाराला घरात कोणी समजून घेत नाही.

२२ ऑगस्ट
अधिक महिना आज संपतो. आईला सकाळीच सांगितलं, पुढचा तीन वर्षांनी आहे, तेव्हा निवांत काढू. "बरं बाबा," म्हणाली. समजूतदार आहे.

१४ नोव्हेंबर
सोलहून फोन! हँडक्रीमची कंपनी. मी इंटरनेटवर टाकलेला आईच्या हातांचा फोटो हवाय, शिवाय वर्षभराचं काम. बोललो नव्हतो? रविवारी जेवायला गेलो की आईला सांगेन.

१५ नोव्हेंबर
आई पहाटे झोपेतच गेली. सांगायचं राहिलं.
हॉस्पिटलच्या अंत्यविधीच्या खोलीत फोटो मागितला. माझ्याकडे आईचे चाळीस फोटो. सगळे हातांचे.
मग ग्वाक फ्रेम घेऊन आला. बावीस ऑगस्टला, दुपारी, आई त्याच्याकडे गेली होती. त्याला म्हणाली होती, "पोराला सांगू नकोस, त्याचं मोठं काम चाललंय. आणि हात येऊ देऊ नकोस हं फोटोत. ते माझ्या पोराचे आहेत."

१६ नोव्हेंबर
लाइट सपाट आहे. मागचा पडदा निळा, तोही स्वस्तातला. आई हसतेय.
मला रडू आवरत नाहीये. मी तिला एकदाही हस म्हणालो नाही.