पाचव्या फ्रेटवरचं कुंकू

१६ ऑक्टोबर १९८८, बोरीवली

आज पण दिवसभर घासकाम. बेस गिटारची पट्टी, जिच्यावर बोटं फिरतात ती. सागवानी, बाबांच्या पलंगाची. ते गेल्यापासून पलंग नुसताच पडून होता. रंध्याने सपाट करणं सोपं — पण मधे हलका उंचवटा आणि कडांना उतार, ते जमता जमत नाही! ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा, घासायचं, हात फिरवायचा, परत घासायचं. शेजारचा दशरथदादा म्हणतो, "विकतचा घे ना रे! नाहीतर नोकरी बघ." विकतचा परवडला असता तर हात सोलून घेतले असते का?

नंदकिशोरच्या ऑर्केस्ट्राला बेसवाला हवाय. "स्वतःचा घेऊन ये, एक तारखेला वाजवून दाखव. दिवाळीच्या प्रोग्रामला तूच." मला दुसरं काही नकोय.

१९ ऑक्टोबर

जमली! झकास! हात कुठेच अडकत नाही. दसरा झाला की फ्रेट, म्हणजे सुरांच्या जागी बसणाऱ्या आडव्या जाड तारा, ठोकायचे, मग पॉलिश.

२० ऑक्टोबर, दसरा

वाट लागली. आंघोळ करून येतो तर आईने पट्टी पाटावर मांडून पूजा केलेली! झेंडू, अक्षता आणि पाचवा फ्रेट बसणार तिथेच ओलं कुंकू. कोरं लाकूड, सगळं पिऊन बसलं. म्हणते, "नवीन हत्यार असा ना! कोरडा कसा ठेवूचा?" ओरडलो तिच्यावर. सणासुदीला. पुसायला तिने पदर पुढे केला, तोही झटकला.

२२ ऑक्टोबर

डाग जात नाही. तसाच ठेवू? ऑर्केस्ट्रातली ती सांताक्रूझची पोरं, इंग्लिश झाडणारी — "पूजा करके लाया क्या?" म्हणतील. खिदळतील. नाही! घासणार.

२३ ऑक्टोबर

गेला एकदाचा.

१ नोव्हेंबर

पाचव्या फ्रेटला तार झणझणली. डाग काढता काढता तिथे खड्डा पडला होता, फ्रेट खाली बसला, तार पुढच्या फ्रेटला घासायला लागली. नंदकिशोर नजर चुकवत म्हणाला, "बेस मस्त बनवलायस यार, पण हा सूर प्रत्येक गाण्यात लागतो ना." मुलुंडच्या कोणा चंद्रप्रकाशला घेतलं.

आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, "तुझ्या कुंकवाने झालं." ती आत गेली. बरं वाटलं मला. शी!

१० नोव्हेंबर

प्रोग्रामला गेलो. मागे उभा राहिलो. मध्यंतरात चंद्रप्रकाशशी हात मिळवायला स्टेजवर गेलो. इंपोर्टेड बेस त्याचा. वर खुंट्यांपाशी कुंकवाचं बोट, त्यात झेंडूची वाळकी पाकळी चिकटलेली.

सांताक्रूझची पोरं बाजूलाच चहा पीत होती. कोणी हसत नव्हतं.