वर्ग खाली आला तेव्हा

आबा, तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं. तुम्ही होता तेव्हा सुचलं नाही आणि आता सुचतंय तर तुम्ही नाही. मी सांगलीच्या कॉलेजात शिकवते हे तुम्ही पाहिलं होतं, पण दर वर्षी कॉलेज सुरू झालं की मी एक जादा तास घेते, ते तुम्हाला माहीत नाही. नव्याने आलेल्या अपंग मुलामुलींना त्यांचे हक्क समजावून सांगायचे. परीक्षेला लेखनिक मिळतो, वेळ वाढवून मिळतो. 'वाजवी सोय' म्हणजे काय, तर माणसाचं जिथे अडतं तिथे संस्थेने आपली व्यवस्था बदलायची, आणि ती सोय म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. परवा हे सांगत होते तर चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या येळंला कुठला कायदा हुता?" म्हटलं, "कुठलाच नव्हता." "मग तुमी शिकला कशा?" मी तिला आपली गोष्ट सांगायला लागले आणि मध्येच अडखळले, कारण त्यातलं एक मलाच अजून कळलेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तुम्ही फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलात आणि मेढ्याकडचं घर बंद करून साताऱ्यात खोली घेतलीत, ती माझ्या कॉलेजसाठीच. लहानपणी पोलिओने माझा पाय गेलेला. सपाटीला मी कुबड्यांवर कुणालाही मागे टाकीन, पण जिना आला की संपलं. आणि आमचा इतिहासाचा वर्ग नेमका माडीवर! प्राचार्यांनी प्रवेश देतानाच बजावलं होतं, मुलीला वर पोहोचवायची जबाबदारी तुमची. तुम्ही "जी साब" म्हणालात आणि रोज सकाळी मला पाठीवर घेऊन जिना चढायला लागलात. कॉलेजात जाणारी, घोडीएवढी वाढलेली मुलगी, बापाच्या पाठीवर, एका हाताने साडी सावरते आहे. पोरं अदबीने बाजूला व्हायची. कुणी हसायचं नाही, आणि मला तेच जास्त लागायचं. दिवाळीच्या सुट्टीआधी मी सांगून टाकलं, असंच चालणार असेल तर मी कॉलेज सोडते.

तुम्ही चिडला नाहीत. कडक इस्त्रीचा शर्ट चढवलात आणि प्राचार्यांकडे गेलात. मी बाहेर बाकावर बसले आहे आणि आतून तुमचा आवाज येतो आहे, "सायेब, लढाईत जखमी जवान दवाखान्यापतुर चालत येत न्हाई. स्ट्रेचर त्याच्याकडं जातं." प्राचार्य भला माणूस. त्यांना ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी जिन्याखाली एक हातांची खुर्ची, तिला बांधलेले दोन बांबू आणि दोन शिपाई हजर! तुम्ही तर खूश. ते मला वर नेतायत आणि तुम्ही मागून "लेफ्ट, राइट" पुटपुटत त्यांची पावलं जुळवताय. अख्खं कॉलेज कठड्याला येऊन उभं राहिलं आणि त्या दिवशी मात्र सगळे हसले. मलाही हसू आलं, वर्गात जाऊन बसेपर्यंत. मग तासभर फळ्यावरचं एक अक्षर मला दिसलं नाही.

घरी येऊन मी ओरडले, "आबा, मला उचलायचं बंद करा. वर्ग खाली आणा!" तुम्ही बघतच राहिलात. "आगं, येवढ्या पोरांनी एका पोरीसाठी खाली यायचं? त्याला वरनं हुकूम लागतो." आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, पोरं धडधाकट हायती. त्यास्नी खाली याला काय झालं?" वरिष्ठापुढे जन्मात कधी ब्र न काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात उभा राहिला. प्राचार्यांनी विचारलं, "हवालदार, कुठल्या नियमात बसतं हे?" तुम्ही म्हणालात, "नियम न्हाई, सायेब. पोरगी म्हणती." बाहेर बाकावर मला बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. मग शिपायाला हाक गेली. खालच्या खोलीतला जिमखाना, कॅरम आणि क्रिकेटच्या मॅटिंगसकट वर गेला आणि आमचा वर्ग खाली आला.

आता मला न कळलेलं ते सांगते. कुणी आपलं एवढंसं काम केलं तरी मामांच्या गुऱ्हाळातली गुळाची ढेप त्याच्या घरी जायचीच. पोस्टमनला गेली, एसटीच्या कंडक्टरला गेली, मला प्रवेश दिला म्हणून प्राचार्यांनाही गेली होती. वर्ग खाली आला त्या संध्याकाळी आईने सवयीने ढेप फडक्यात बांधली. तुम्ही गाठ सोडून ती परत फळीवर ठेवलीत. "ही न्हाई न्यायाची," एवढंच म्हणालात. का, आबा? प्रवेशाबद्दल गूळ द्यायचा आणि वर्गाबद्दल नाही, हा फरक तुम्हाला कुणी शिकवला? आईच्या बोलण्यातून उमगला, की आत प्राचार्य गप्प बसले होते तेव्हा? कायदा करणाऱ्यांना तो कागदावर आणायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

परवाच्या त्या मुलीला मी काल ऑफिसात घेऊन गेले. आमच्याकडे आता लिफ्ट आहे, पण तिला कुलूप असतं. मी कायदा सांगितला, कलम सांगितलं, आवाजही चढवला. हेडक्लार्कने कुरकुरत किल्ली पुढे केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फार उपकार झाले." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम, उपकार कसलं?"

मी किल्ली तिच्या हातात ठेवली. हे पत्र कुठल्याच टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून मोकळेपणाने तुम्हाला लिहिते. कायदा मला तोंडपाठ आहे, आबा. पण उपकार न मानता त्या दारातून बाहेर पडायची मला अजून भीती वाटते. त्या ढेपेची गाठ सोडताना तुम्हालाही वाटली होती का?